नाकापेक्षा मोती जड! गाडीच्या इंजिनात आणि शॉकअपमध्ये बदल करावेत का?

एक काळ असा होता की, आपल्या वस्तीत सायकल असणे हीसुद्धा मोठी गोष्ट मानली जाई. मजुरीला चार-पाच मैल पायी जाणाऱ्या बापाने पै-पै जमवून मुलाला सायकल घ्यावी आणि मुलाने तिच्यावरून हायस्कूल गाठावे. आज त्याच घरातला मुलगा कुठे शिक्षक आहे, कुठे एस.टी.त वाहक आहे, तर कुठे भाड्याची गाडी चालवून घर चालवतो आहे. दारात हप्त्यावर घेतलेली किंवा जुन्या बाजारातून आणलेली चारचाकी उभी दिसते. ही अभिमानाचीच बाब आहे.

पण गाडी आली की, दोन-तीन महिन्यांत घरातल्या तरुणांची कुरबुर सुरू होते. "गाडीला पिकअपच नाही." "माणसं बसली की मागून बसते." "शहाद्याला अमक्याने इंजिन ट्यून करून घेतलं, शॉकअप उंच केले. आपणही करू." मग पतसंस्थेचे कर्ज निघते, नाहीतर आईच्या गळ्यातली पोत गहाण पडते. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचा विचार हौशी माणसाप्रमाणे न करता जमाखर्चाची वही समोर ठेवून करू या.

घाटात गाडीचा दम का जातो?

आपल्या म्हसावद भागात ही तक्रार प्रामुख्याने घाटामुळे निर्माण होते. म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी. इथून पुढे धडगावचा रस्ता आणि तोरणमाळचा घाट. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. सपाटीला ऐंशीने पळणारी गाडी तिथे दुसऱ्या गियरमध्ये धापा टाकते आणि मालकाला वाटते, इंजिनात खोट आहे.

तशी खोट नसते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद तोरणमाळच्या उंचीवर सुमारे दहा टक्क्यांनी घटते. टर्बो असलेल्या इंजिनाला धुराच्या जोरावर फिरणारा पंखा जादा हवा पुरवतो, म्हणून ते कमी दमते. त्यात आपण पाचांच्या गाडीत आठ माणसे आणि वर धान्याचे पोते टाकतो. मग दोष इंजिनाचा कसा? घाटात वेळेवर खालचा गियर टाकणे आणि वजन बेताचे ठेवणे हाच त्यावर बिनपैशाचा उपाय आहे.

इंजिन वाढवले म्हणजे काय होते?

कंपनी गाडी बनवते तेव्हा इंजिन, क्लच, गियरबॉक्स, ब्रेक, टायर व शॉकअप यांचा एकमेकांशी मेळ घालते. हा मेळ रस्त्यावर येण्यापूर्वी तपासला जातो. अशी तपासणी करणारी, १९६६ साली स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. साध्या गाडीचे इंजिन मुद्दाम थोडे राखून ठेवलेले असते. कारण तिला भेसळीचे इंधन, मे महिन्याचे ऊन, उसाच्या ट्रॅक्टरमागची धूळ आणि चुकलेली सर्व्हिसिंग हे सगळे सोसून लाखभर किलोमीटर चालायचे असते.

हा राखीव दम काढून घेण्याचे दोन मार्ग बाजारात सांगितले जातात. पहिला म्हणजे मोकळा एअर फिल्टर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. टर्बो नसलेल्या लहान गाडीत याने ताकद जेमतेम वाढते, आवाज मात्र पुष्कळ वाढतो. आवाज म्हणजे ताकद असे वाटणे हा केवळ कानाचा भ्रम आहे.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलणे, म्हणजेच रिमॅपिंग. टर्बो डिझेल गाडीत याने वीस टक्क्यांच्या आसपास ताकद खरोखर वाढू शकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही ताकद फुकट येत नाही. इंजिनातला दाब व उष्णता वाढते. क्लचप्लेट, टर्बो आणि गियरबॉक्स यांवर जो भार कंपनीने धरलेला नव्हता, तो पडतो. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीही जाते. शिवाय ब्रेक मात्र जुनेच राहतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते, हा निसर्गाचा नियम आहे.

उंच गाडी, कडक पाटे

शॉकअपचा व पाट्यांचा मोह आपल्याकडे अधिक. कारण रस्ते खराब आणि माणसे जास्त. कुणी स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालतो, कुणी मागे जादा पाटा टाकतो, कुणी मोठे टायर बसवतो.

याचे परिणाम समजून घ्या. गाडी उंच झाली की तिचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती उलटण्याची शक्यता वाढते. पुढच्या चाकांना ताकद देणारे दांडे वाकड्या कोनात फिरू लागतात व लवकर झिजतात. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पाटे फार कडक केले तर रिकाम्या गाडीचे चाक खड्ड्यावरून उड्या मारते, आणि जे चाक जमिनीला टेकलेले नाही त्याला ब्रेक लागत नाही.

मोठ्या टायरची गंमत तर आणखी वेगळी. टायर पाच टक्क्यांनी मोठा बसवला तर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात त्रेसष्टने धावत असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाक मोठे झाल्याने घाटातली ओढ कमी होते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी खर्च केला तेच दुखणे वाढले!

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने भाड्यासाठी जुनी गाडी घेतली. जास्त माणसे बसावीत म्हणून मागे बफर आणि जाड स्प्रिंग घातल्या. गाडी बसेना, म्हणून माणसे वाढली. एका लग्नाहून परतताना पावसात, वळणावर गाडी घसरून चारीत गेली. नशिबाने प्राण वाचले, पण एका म्हाताऱ्या मावशींचा हात मोडला. विम्याच्या तपासनिसाने कागदावर पहिली नोंद केली ती बदललेल्या स्प्रिंगची आणि भरलेल्या माणसांची. दावा अडकला. गाडी गॅरेजमध्ये, हप्ता मात्र चालू. त्या वर्षी त्या घरातल्या मुलीचे नर्सिंगचे प्रवेश-शुल्क भरताना किती घरांचे उंबरे झिजवावे लागले, ते आम्ही पाहिले आहे. गाडी मागून न बसण्याची ही किंमत होती.

वहीतला हिशेब

आता आकडे मांडू. समजा, इंजिनाच्या बदलाला तीस हजार रुपये लागले आणि ते शेकडा दोन रुपये महिना व्याजाने काढले. नुसते व्याज महिना सहाशे, वर्षाचे सात हजार दोनशे.

ताकद आली की पाय जोरात दाबला जातो. समजा, गाडी लिटरला वीसऐवजी अठरा किलोमीटर धावू लागली. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर पन्नासऐवजी साडेपंचावन्न लिटर इंधन लागेल. वर्षाला सहासष्ट लिटर जादा. लिटरला शंभर रुपये धरले तरी सहा हजार सहाशे रुपये.

व्याज आणि इंधन मिळून वर्षाला तेरा हजार आठशे रुपये गेले, मुद्दल तसेच उभे. क्लचप्लेट आणि टायर लवकर गेले तर तो खर्च वेगळा. जमेच्या बाजूला काय? म्हसावदहून शहाद्याला दोन-तीन मिनिटे आधी पोहोचणे! आणि गाडी विकायला काढली की हा खर्च कोणी भरून देत नाही. उलट, शहाणा गिऱ्हाईक छेडछाड केलेली गाडी भाव पाडूनच मागतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, नोंदणी पुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने मूळ ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले की, मूळ रचनेशी विसंगत बदल केलेल्या वाहनाची नोंदणी होऊ शकत नाही. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडणी ही गोष्ट निराळी.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवण्यात आली. इंजिन एक आणि शॉकअप दोन, म्हणजे दहा हजार रुपये. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल हा दावा नाकारण्याचे निमित्त होऊ शकतो. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येण्याची भीती असते. ज्याची शेती नाही, मालमत्ता नाही, त्याने असा धोका कशाच्या जोरावर पत्करावा?

मग बदल कधीच करू नये का?

तसे मुळीच नाही. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. मूळ पेट्रोलची ही गाडी हजारो चालकांनी सीएनजीवर चालवली. मान्यताप्राप्त किट, नोंदणी पुस्तकात नोंद आणि इंधनात रोजची बचत असा तो व्यवहार होता. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तोपर्यंत तिने कितीतरी कष्टकरी कुटुंबांची चूल पेटती ठेवली. आजही कलम ५२ मान्यताप्राप्त किटद्वारे इंधन बदलण्यास वाव देते. मात्र घराजवळ सीएनजी पंप आहे का, हे आधी पाहावे. टाकीचे वजन आणि तिची दर तीन वर्षांनी होणारी तपासणीही हिशेबात धरावी.

दुसरा बदल अपंग बांधव-भगिनींसाठीचा. हाताने चालवता येतील असे ब्रेक व ॲक्सिलरेटर बसवून गाडी त्यांच्या सोयीची करून घेण्यास कायदा परवानगीने मुभा देतो. हा खर्च सार्थकी लागतो, कारण त्यातून एका माणसाला स्वतःच्या बळावर हिंडता येते. तसेच इंजिन पार निकामी झाले तर त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवून त्याची रीतसर नोंद करता येते. यासाठी नंदुरबारचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. काम करण्याआधी तिथे विचारावे, नंतर नव्हे.

आपल्या मुलांच्या हातातली कलाही आम्ही कमी लेखत नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जोडून छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती पाहून कौतुक केले आणि तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो देऊ केली. पण ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. यातला बोध तरुणांनी घ्यावा. कला मोठी आहे, तिला आयटीआयच्या प्रमाणपत्राची आणि कारखान्याची जोड द्या. घरच्या माणसांना बसवून तिचा प्रयोग करू नका.

आधी हे करा

बहुतेक जुन्या गाड्यांना नव्या ताकदीची गरज नसते. गेलेली मूळ ताकद परत आणण्याची गरज असते. तीस हजारांपैकी काही भागच पुढील कामांवर खर्च करून पाहा:

१. एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदला. आपल्या भागातल्या धुळीत ते लवकर तुंबतात.

२. गाडीचा एकेक कोपरा हाताने दाबून सोडा. एक-दीड हेलकाव्यात थांबली नाही तर शॉकअप गेले समजा. कंपनीच्या मापाचेच नवे, जोडीने घाला.

३. रबरी बुश व बॉलजॉइंट तपासा. खडखड बहुधा तिथूनच येते.

४. टायर मूळ मापाचे ठेवा, हवा दर पंधरवड्याला बघा, अलाइनमेंट करून घ्या.

५. ब्रेकपॅड तपासा, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. घाट उतरताना याच्यावरच सगळ्यांचा जीव असतो.

६. माणसे जास्त असतील तर दोन फेऱ्या करा. चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीला निघताना एका गाडीत नऊ जण कोंबण्यापेक्षा काहींनी रेल्वेने किंवा एस.टी.ने जावे.

एवढे केल्यावर गाडी कमी पडत असेल, तर ती गाडी आपल्या कामाची नाही असे समजावे. रोज जड माल किंवा जादा माणसे न्यायची असतील, तर त्यासाठीच बनवलेली, तशी नोंदणी असलेली गाडी घ्यावी. लहान गाडीला मोठीचे सोंग देऊ नये.

माता-भगिनींना एक विनंती. घरातले कर्ज तुमच्या सहीने, तुमच्या बचत गटातून किंवा तुमच्या दागिन्यांवर निघत असते. मुलगा गाडीच्या बदलासाठी पैसे मागेल तेव्हा त्याला तीनच प्रश्न विचारा. आरसी बुकात याची नोंद होणार का? विमा कंपनीला कळवले का? आणि हे पैसे गाडी कोणत्या महिन्यापर्यंत परत मिळवून देईल? तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली तर खुशाल सही करा. नाही मिळाली, तर ते पैसे गाडीच्या टायरसाठी आणि मुलांच्या फीसाठी बाजूला काढून ठेवा.