समोरचा पैलवान किती खरा, किती हवा?
लाल मातीचा अभ्यास : भाग ७

मागच्या भागात आपण खुराक आणि वजन पाहिलं. आता यात्रा-जत्रांचा हंगाम तोंडावर आला आहे. सातारा-सांगलीत मैदानांची पोस्टर लागतील आणि तालमीतालमीत एकच चर्चा रंगेल: अमक्याची नुसती हवा आहे, की गडी खरंच भारी आहे?

पोस्टरवर किताब छापतात, लढती छापत नाहीत. म्हणून आधी किताबामागच्या लढती काढाव्यात. २०२२ साली साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरवर ५-४ अशी जिंकली. गदा एकालाच मिळाली, पण दोघांत अंतर होतं एका गुणाचं. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकललं तरी तेवढा गुण मिळतो. नुसती गदा पाहून बनकरला हलका धरणारा वस्ताद फसलाच असता.

दुसरा प्रश्न, तो जिंकला कुठे? मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. गावच्या मैदानात निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत झुंज, आणि खडाखडीतच बराच वेळ जातो. गुण घेऊन बचाव करणारा गडी मातीत वीस मिनिटं टिकेलच असं नाही. उलट मातीत समोरच्याचा दम काढणारा मॅटवर सुरुवातीलाच दोन पट बसून ४-० ने मागे पडतो. एकाच पैलवानाची दोन ठिकाणी दोन मापं निघतात.

तिसरी गोष्ट व्हिडिओची. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यात फक्त शेवटचा डाव दिसतो. अख्खी कुस्ती मिळवा आणि चौथ्या मिनिटानंतर गड्याचे पाय बघा. पवित्रा उंच होतो का? पुढचा पाय जड पडतो का? पटातून उठताना हात गुडघ्यावर जातो का? घिस्सा दरवेळी एकाच बाजूने मारतो का? हरलेल्या कुस्त्या तर दोनदा बघा. गड्याची खोड तिथेच उघडी पडते.

चौथी गोष्ट, जुना निकाल नव्या हंगामाला लावू नका. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते ५७ किलो गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनच्या सहाव्या क्रमांकावरून ज्यांनी त्यांना जोखलं असेल, त्यांचा अंदाज पार चुकला. गेल्या वर्षभरात गड्याचं वजन, वस्ताद, दुखापत, यातलं काय बदललं, ते विचारून घ्या.

एवढं झाल्यावरच मत द्या. ‘नुसती हवा आहे’ म्हणायचं असेल, तर तो कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या डावावर अडतो, हे पोरासमोर सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर त्याला भारीच धरा आणि मेहनत तशी करून घ्या. अंदाज काठावरचे बांधतात. तो चुकला तर मान आखाड्यातल्या पोराची अडकते.

पुढच्या भागात: जोड ठरवताना मैदानाची कमिटी काय बघते?