टेलिस्कोप घ्यायची घाई नको, आधी बायनॉक्युलरने मृगाच्या पोटातला बाण शोधा

मुलांनी हट्ट केला म्हणून घरात टेलिस्कोप येतो. पहिल्या रात्री चंद्रावरचे खड्डे दिसतात, अर्धी बिल्डिंग गच्चीवर जमते. दुसऱ्या रात्री प्रश्न पडतो, आता काय बघायचं? नळी कुठेही वळवली तरी काळोखच दिसतो. महिन्याभरात टेलिस्कोप माळ्यावर जातो.

यात दोष टेलिस्कोपचा नसतो. तो आकाशाचा अगदी छोटा तुकडा दाखवतो. तो तुकडा कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणूनच आकाश निरीक्षण करणारी मंडळी नवख्या माणसाला सांगतात, आधी बायनॉक्युलर घ्या.

10×50 म्हणजे नेमकं काय?

बायनॉक्युलरवर 7×50, 10×50 असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

आकाशासाठी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटरपर्यंत मोठी होते. 50 मिलिमीटरचं भिंग त्याच्या सुमारे 50 पट प्रकाश गोळा करतं. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कितीतरी तारे दिसू लागतात.

पहिला आकडा मात्र जितका मोठा तितका चांगला, असं नाही. 20 पट मोठं दाखवणारा बायनॉक्युलर हाताची थरथरही 20 पट मोठी करतो. हातात धरून बघायचं तर 7 किंवा 10 पुरे.

गॅलिलिओची गोष्ट यासाठी मजेशीर आहे. 1610 साली त्याने कृत्तिकांकडे दुर्बीण वळवली. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसत होते, त्याने 36 तारे काढून दाखवले. त्याच्या दुर्बिणीचं भिंग 50 मिलिमीटरपेक्षा लहान होतं. म्हणजे आजच्या साध्या बायनॉक्युलरमध्ये त्याच्यापेक्षा जास्त प्रकाश येतो, तोही दोन्ही डोळ्यांना.

मृग तर जूनमध्ये असतो ना?

मृग म्हटलं की आपल्याला पेरणी आणि पाऊस आठवतो. 7-8 जूनच्या सुमारास 'मृग लागतो', याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात येतो. सूर्यच तिथे असल्यामुळे ते तारे दिवसा डोक्यावर असतात आणि दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला जातो, आणि तेच मृग नक्षत्र रात्रभर दिसतं. त्यामुळे डिसेंबर ते मार्च हा मृग बघायचा खरा हंगाम.

जानेवारीत रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. बऱ्यापैकी वर चार ठळक ताऱ्यांचा चौकोन दिसेल, ते हरणाचे चार पाय. मधोमध एका ओळीत तीन तारे दिसतील, तो पोटात घुसलेला बाण. मुंबई-पुण्याच्या उजेडातही हे तीन तारे ओळखू येतात.

आता बाण मारला कुणी? व्याधाने, म्हणजे शिकाऱ्याने. जुन्या लोकांनी गोष्टीतच नकाशा लपवून ठेवलाय.

बाणाची रेष धरून चालायचं

हात सरळ लांब करून मूठ वळली की आकाशातलं साधारण 10 अंशांचं अंतर मोजता येतं. हीच आपली फूटपट्टी.

बाणाची रेष खाली क्षितिजाकडे दोन मुठी वाढवा. तिथे रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लखलखतो, तो व्याध. तो फक्त 8.6 प्रकाशवर्षं दूर आहे.

तीच रेष उलट दिशेला, वर दोन मुठी न्या. तांबूस रंगाची रोहिणी सापडेल. बायनॉक्युलर लावला की तिच्याभोवती इंग्रजी 'व्ही'सारखा ताऱ्यांचा गट दिसतो. रोहिणी त्यातलीच वाटते, पण ती 65 प्रकाशवर्षांवर आहे आणि तो गट साधारण 150 प्रकाशवर्षांवर. ती फक्त वाटेत उभी आहे.

अजून दीड मूठ पुढे कृत्तिकांचा पुंजका आहे. इथे बायनॉक्युलर टेलिस्कोपलाही मागे टाकतो, कारण अख्खा पुंजका एका नजरेत मावतो. डझनावारी निळसर तारे दिसतात. तो प्रकाश तिथून निघून सुमारे 440 वर्षं झाली. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता.

आता परत बाणाकडे या. त्याच्या उजवीकडे, अर्ध्या मुठीच्या आत, तीन फिकट तारे एकाखाली एक दिसतात. मधला तारा बायनॉक्युलरमधून धुक्यासारखा दिसेल. भिंग पुसायला जाऊ नका. तो वायू आणि धुळीचा प्रचंड तेजोमेघ आहे, सुमारे 1300 प्रकाशवर्षांवर. तिथे आजही नवे तारे जन्माला येताहेत.

बघताना एवढं सांभाळा

अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये सापडेल. अंधारात 20 ते 30 मिनिटं थांबा, डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो. त्यादरम्यान एकदा मोबाईल बघितला की मेहनत वाया.

आधी नुसत्या डोळ्यांनी तारा धरा. नजर न हलवता बायनॉक्युलर डोळ्यांपुढे आणा. कोपर कठड्यावर टेकवा, नाहीतर सरळ चटईवर आडवे व्हा, चित्र स्थिर राहील.

आणि एक गोष्ट मुलांना आधीच बजावून ठेवा. बायनॉक्युलरमधून सूर्याकडे एक क्षणही बघायचं नाही. दृष्टी कायमची जाऊ शकते.

शहराबाहेर जायला मिळालं तर फरक लगेच कळतो. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. काळोख आता जंगलासारखा जपावा लागतोय, हेच त्यातून दिसतं.

पण सुरुवात गच्चीवरूनही होते. व्याध, बाण, रोहिणी, कृत्तिका ही ओळ दोन-तीन रात्री पाठ केली की पुढच्या हिवाळ्यात शोधावी लागत नाही. मग माळ्यावरचा टेलिस्कोप खुशाल खाली काढा. आता तो कुठे वळवायचा, हे ठाऊक असेल.