टीव्ही बनवणारे फोनकडे का वळले?

तुमच्या लष्करातल्या घरी रेडिओ असेल, टेपरेकॉर्डर असेल, कपाटात जपून ठेवलेला कॅमेराही असेल. आज ही सारी कामे खिशातला एक फोन करतो. आपली सोय झाली; पण ज्यांचे कारखाने याच वस्तूंवर चालत, त्यांचे गिऱ्हाईक गेले. उरला टीव्ही. तो एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो, फोन मात्र तीन-चार वर्षांत बदलला जातो. म्हणून अडचणीतले कारखानदार फोनकडे धावले.

ओळखीचे उदाहरण औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचे. 2005 मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला. आणि नेमकी तेव्हाच जाड काचेच्या ट्यूबची सद्दी संपत होती, सपाट पडदे येत होते. पुढे 2009 मध्ये स्वतःच्या नावाचे फोन, 2010 मध्ये मोबाइल सेवा. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचे 21 होते. तेल-वायूतही पैसा गुंतला होता. अखेर 2018 मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. अशा वेळी कामगारांच्या वस्तीत काय होते, हे जे.सी. मिल बंद पडलेली पाहिलेल्या ग्वाल्हेरकरांना मी काय सांगावे!

मोठ्यांचेही फारसे वेगळे झाले नाही. एलजीने 2021 मध्ये फोन बनवणे सोडले. सोनीने 2012 मध्ये एरिक्सनचा हिस्सा विकत घेऊन फोन कंपनी पूर्ण आपली केली आणि मोठा तोटा सोसला. पण सोनीला फोननेच हात दिला, तो निराळ्या वाटेने: कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी तिची चिप इतरांच्या फोनांत, अगदी आयफोनमध्येही बसते.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. फोनवर आपले नाव झळकवण्यापेक्षा दुसऱ्याच्या फोनात आपले काम असणे अधिक तारक ठरले. नोएडाची डिक्सन घ्या. 1993 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आधी दुसऱ्यांसाठी टीव्ही जोडून देई. आज तिच्या उलाढालीचा सर्वांत मोठा वाटा दुसऱ्यांचे फोन जोडण्यातून येतो. पुढचा फोन घ्याल तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. ‘पॅजेट इलेक्ट्रॉनिक्स’ दिसले, तर ती डिक्सनचीच उपकंपनी.