दोषाचा माग

इ. स. १९८८ मध्ये पुणे शहरी 'प्रगत संगणन विकास केंद्र', म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील शास्त्रज्ञांनी १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. परंतु संगणक कितीही समर्थ असो, आज्ञावलीत लिहिले असेल तेवढेच तो करतो. चुकीची आज्ञाही तो तितक्याच निष्ठेने पाळतो. म्हणून आज्ञावलीची परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा दुसऱ्या आज्ञावलीकडे सोपविली, की तीस स्वयंचलित चाचणी म्हणतात.

समजा, वर्षाचे दिवस सांगणारी एक आज्ञावली आहे. चाचणीने तीस २०२३, २०२४ व २१०० ही वर्षे विचारली. पहिल्या दोहोंची उत्तरे बरोबर आली. २१०० साठी मात्र ३६६ आले. हवे होते ३६५; कारण ज्या वर्षास १०० ने भाग जातो, त्यास ४०० नेही भाग गेला तरच ते लीप वर्ष होय. चाचणी नसती, तर हा दोष पाऊणशे वर्षे दडून राहून कोणाच्या तरी ठेवीच्या व्याजात प्रकट झाला असता! पण चूक कोठे झाली, हे चाचणी सांगत नाही. ते शोधण्याचे साधन म्हणजे डीबगर.

चालती आज्ञावली हव्या त्या ओळीवर डीबगर थांबवितो. त्यासाठी आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करताना मूळ ओळींचे क्रमांक व नावे जतन करावी लागतात. मग चुकलेली तेवढी एकच चाचणी निवडावी, संशयित ओळीवर थांब्याची खूण करावी आणि एकेक ओळ पुढे जावे. येथे असे दिसेल, की ४ ने भाग जाताच आज्ञावली ३६६ कडे वळली. १०० व ४०० ची विचारपूस तिने केलीच नाही. दुरुस्तीनंतर २००० चीही चाचणी घ्यावी. ते लीप वर्ष होते, आणि घाईची दुरुस्ती तेथेच फसते.

पुष्कळ चाचण्यांना काही सेकंदांची मुदत असते. आपण थांबून विचार करीत असता ती संपते व चाचणी विनाकारण नापास ठरते. यास्तव मुदत आधीच उठवावी.

'परम ८०००' च्या आरंभीच्या रचनेत तर ६४ प्रक्रियक एकाच वेळी गणित करीत. त्यांपैकी एकास थांबविले, की त्याच्या निरोपाची वाट पाहणारे इतर खोळंबणार. अशा ठिकाणी कोणास व केव्हा थांबवावे, हे ठरविणे मूळ दोष शोधण्याइतकेच अवघड असते.