शिक्षणाची अट आणि कामाची लायकी

‘कितवी शिकलास?’ हा प्रश्न पूर्वी घरी आलेले पाहुणे मुलाला कौतुकाने विचारीत. आता तोच प्रश्न कारखान्याच्या फाटकावर विचारला जातो, आणि घरची चूल पेटायची की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरते. हा बदल कसा झाला, त्यात योग्य किती आणि अयोग्य किती, याचा विचार आम्ही येथे मुळशी तालुक्याच्या उदाहरणावरून करणार आहोत.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिक्षण वाढू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचे स्वतःचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या ओट्यावर बसून झाले. शिक्षण न मिळाल्याने माणसाचे काय नुकसान होते हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. परंतु शिक्षण ही एक गोष्ट आणि शिक्षणाची अट ही दुसरी गोष्ट. पहिलीने माणूस वाढतो. दुसरीने कधी कामाचा दर्जा वाढतो, तर कधी नुसतीच माणसे दाराबाहेर राहतात. ह्यांतले केव्हा काय होते हे पाहिले पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वीची मुळशी पाहू. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा येथल्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट ही त्यातली नावे महाराष्ट्राला परिचित आहेत. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालेच. १९२७ पासून सह्याद्रीखाली भिऱ्याला वीज निघू लागली. भाताची खाचरे पाण्याखाली गेली. ह्या सबंध मावळपट्ट्यातून पुष्कळ लोक पोटासाठी मुंबईला जात. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी डबे पोचवण्याच्या धंद्यात.

ह्या माणसांना ‘कितवी शिकलास?’ असे कोणी विचारले नाही. गिरणीत जॉबरचा शब्द चाले. नवा माणूस बदली म्हणून येई, जुन्या कामगाराच्या शेजारी साच्यावर उभा राही आणि पाहून पाहून शिके. ह्या पद्धतीत वशिला होता, लाच होती, जुलूमही होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट तिच्यात होती. काम शिकवण्याचा बोजा कामाच्या जागेवर होता, कामगाराच्या बापावर नव्हता.

डबेवाल्यांचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा मुंबईत सुरू केला. त्यात मुळशी, मावळ, खेड, जुन्नर, अकोले ह्या भागांतले लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. बहुतेकांचे शिक्षण शाळेतच संपलेले. तरी डब्याच्या झाकणावरच्या चार खुणांवरून डबा कोठून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर न्यायचा, हे ते बिनचूक ओळखतात. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी हे पाहायला त्यांच्याकडे जातात. उद्या कोणी डबेवाल्याला पदवीची अट घातली, तर डबा एक मिनिटही लवकर पोचणार नाही.

मध्यंतरीच्या काळात अटी पायरीपायरीने वाढल्या. एके काळी मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होई. मग मॅट्रिक हवी झाली. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची शालांत परीक्षा आली, तोवर कारखान्यांना आयटीआय झालेली मुले हवी झाली होती. पुढे पदविका आली, आणि आता जेथे तेथे पदवी.

ह्या वाढीची कारणे दोन आहेत. एक कारण खरे आहे. संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करायचे तर नकाशा वाचता आला पाहिजे, मायक्रोमीटर धरता आला पाहिजे, बिघाडाची सूचना समजली पाहिजे. येथे अट रास्तच आहे. दुसरे कारण मात्र कामातून आलेले नाही. जागा दहा आणि अर्ज हजार, अशा वेळी अर्ज वाचण्याचे श्रम वाचावे म्हणून अटीची चाळणी लावतात. काम तेच, हात तेच, फक्त कागद वाढला. आणि कागद मिळवायचा खर्च, मग तो शेत विकून का असेना, बापाने करायचा.

मुळशीत ही दोन्ही कारणे शेजारी शेजारी दिसतात. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे ह्याच तालुक्यातली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथे औद्योगिक विकास महामंडळाने माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभारली. एकदा पाण्यासाठी जमीन गेली होती, आता इमारतींसाठी गेली. आतली कामे अभियंत्यांची; ती शिकलेल्यांनाच मिळणार, ह्यात वाद नाही. गावच्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला मात्र फाटकावरचा पहारा, उपाहारगृह, साफसफाई आणि गाडी हाकणे एवढेच आले. आता तेथेही दहावी-बारावीचा दाखला मागतात. झाडू मारण्यात बारावीचा कोणता विषय उपयोगी पडतो, हे आम्हाला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात नवी यंत्रे आली, तेव्हा पदविका नाही म्हणून अकरा जुन्या कामगारांना पॅकिंगला बसवले आणि नवी मुले घेतली. चौदा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेले हे लोक दुपारच्या सुट्टीत त्याच मुलांना यंत्र समजावून सांगत. आम्ही व्यवस्थापनाला म्हटले, कागद बाजूला ठेवा, दोन्ही पक्षांसमोर यंत्रावर परीक्षा घ्या. महिनाभर शिकवून परीक्षा घेतली; नऊ जण उतरले, दोघे उतरले नाहीत. त्या दोघांचा निकाल आम्ही मान्य केला. परीक्षेला आमची हरकत कधीच नव्हती. जे काम करायचे त्याची परीक्षा व्हावी, एवढाच आग्रह होता.

न्यायालयांनीही ह्याच दिशेने विचार केलेला आहे. दिल्ली राज्य खनिज विकास महामंडळातल्या रोजंदारी कामगारांच्या प्रकरणात, १९८९ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षणाची किमान अट कामावर घेताना पाहावी. वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला कायम करण्याची वेळ आल्यावर ती पुढे करून त्याला नाकारू नये, कारण प्रत्यक्ष अनुभव हाच लायकीचा खात्रीचा पुरावा होय. अमेरिकेत ड्यूक पॉवर नावाच्या वीज कंपनीने काळ्या कामगारांना मजुरीच्या खात्यात ठेवले होते आणि वरच्या कामांना हायस्कूलच्या दाखल्याची अट घातली होती. दाखला नसलेले जुने गोरे कामगार तीच कामे नीट करीत होते. १९७१ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज खटल्यात ठरवले की, जी अट काळ्यांना बाहेर ठेवते आणि कामाशी ज्या अटीचा संबंध दाखवता येत नाही, ती बेकायदेशीर होय.

आता उलट बाजू पाहा. ७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवडे येथे रासायनिक कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार दगावले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या आगीच्या दोषाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण आम्ही अनेक ठिकाणच्या पॅकिंग विभागांत हिंडलो आहोत. हातात कोणता पदार्थ आहे, तो कशाने पेटतो, दुसरे दार कोठे आहे, हे तेथल्या बायकांना विचारले तर उत्तर येत नाही. कारण ते त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. जेथे शिक्षण जिवाचे रक्षण करील तेथे ते कोणी देत नाही, आणि जेथे त्याचा उपयोग नाही तेथे त्याचा कागद मागतात.

हातकाम आणि विद्या यांची ही फारकत आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर कमिशनपुढे मागणी केली होती की, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे शिक्षक शेतकरीवर्गातून तयार करावेत. गांधीजींची १९३७ ची वर्धा योजना आणि १९६४-६६ चा कोठारी आयोग यांनीही शिक्षणात प्रत्यक्ष कामाला जागा मागितली. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा त्याच हेतूचा आहे: मुलाने यंत्रापाशी शिकावे, विद्यावेतन घ्यावे, शेवटी प्रमाणपत्र मिळवावे. तो प्रामाणिकपणे पाळला तर फार उपयोगाचा आहे. दरवर्षी नवे शिकाऊ घेऊन जुने सोडून द्यायचे, असे केले तर तो स्वस्त मजुरीचा मार्ग ठरतो.

ह्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत कारखानदार आहेत, शाळांचे चालक आहेत आणि आईबाप तर सर्वच आहेत. तेव्हा कोणतीही नवी अट समोर आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. ह्या कामाला ही अट खरोखर लागते काय? लागत असेल तर ती पुरी करण्याची सोय, कामावर असलेल्यांसाठीसुद्धा, केली आहे काय? आणि पुरी करणाऱ्याला वाढलेला पगार व कायमची नोकरी मिळणार काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर ती अट आनंदाने स्वीकारावी, आणि आमच्यासारख्या संघटनेच्या माणसांनी कामगारांना ती पुरी करायला लावावी. पण मुलगा पंधरा वर्षे शिकला, बापाने जमीन घालवली, आणि अखेर ठेकेदाराकडे आठ महिन्यांचे काम मिळाले, असे होत असेल, तर ह्या व्यवहारात कामगाराने आपली बाजू पुरी केलेली आहे. समोरच्या पक्षाकडून त्याचे येणे अजून बाकी आहे, आणि ते मागण्याचा त्याला हक्क आहे.