ब्रेक जाम झाला? नट सैल करू नका, चाक खोला

दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, हँडलला झेंडूचा हार घालतो. हार गाडीच्या पुढे दिसतो. पण चार महिन्यांच्या पावसाने खरे नुकसान जिथे केलेले असते, त्या मागच्या चाकाच्या ड्रमकडे कोणी पाहत नाही. मग कोजागरी येते. घरच्यांना मागे बसवून गडी सप्तशृंगीच्या गडाला निघतो. नांदुरीहून वर चढताना गाडी ओढत नाही म्हणून तो इंजिनाला शिव्या देतो. खाली उतरताना मात्र काम ब्रेकशीच पडते.

आपल्या खानदेशात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. रावेर-यावलकडे ती केळीच्या बागेत जाते, शिरपूर-शिंदखेड्याकडे कपाशीच्या शेतात. दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, खताची गोणी, सारे तिच्यावरच. राजदूत आणि एम-एटीच्या काळापासून हे असेच चालले आहे. काळ्या मातीचा चिखल चाकात भरतो, वाळतो आणि सिमेंटासारखा घट्ट बसतो. केळीला पोटॅश भरपूर लागते. ते गोणीतून सांडून ओलाव्यात मिसळले की लोखंड खायला सुरुवात करते. मग एक दिवस गॅरेजवाला खाली वाकून म्हणतो, "भाऊ, ब्रेक धरी ऱ्हायना!"

आता पुढे काय होते ते नीट ऐका, कारण चूक इथेच होते. ब्रेक धरतोय म्हटल्यावर रॉडच्या टोकाचा नट चार आटे सैल केला जातो. चाक मोकळे फिरते, ॲव्हरेजही सुधारते, मालक खूश. दोष मात्र आत तसाच राहतो. पॅडल आता पूर्वीपेक्षा खोल जाते. एकटे असताना ते भागते, पण मागे दोन माणसे आणि समोर उतार असला की पॅडल तळाला टेकते आणि गाडी चालतच राहते. माझ्या गाडीला एका गॅरेजात हाच उपाय झाला होता. लळिंगच्या उतारावर पुढे ट्रक थांबलेला दिसला तेव्हा तो मला समजला. नशीब, बाजूला मोकळी जागा होती.

ड्रमच्या आत असते तरी काय? अर्धगोलाकार दोन शू, ज्यांना आपण लायनर म्हणतो. त्यांच्या एका टोकाला स्थिर खुंटी आणि दुसऱ्या टोकाला कॅम. पॅडल दाबले की कॅम फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला घासतात. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. हा कॅम ॲल्युमिनियमच्या प्लेटमधल्या भोकात फिरतो. तिथले ग्रीस वाळले, पाणी शिरले, गंज धरला की कॅम जातो, पण परत येत नाही. स्प्रिंग काही एवढ्या ताकदीची नसते. शू घासत राहतात, ड्रम तापतो आणि उष्णतेने बेअरिंगचे ग्रीस पातळ होऊन लायनरवर आले तर कारभारच आटोपला.

तपासणी सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. मग पॅडल दाबून सोडा आणि पुन्हा फिरवा. आधी मोकळे होते आणि आता अडते, तर कॅम परत येत नाही असे समजा. गावाहून आल्यावर ड्रमवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. ब्रेक फारसा न मारता चर्र आवाज आला तर उद्यावर टाकू नका.

खोलण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. पाने, पक्कड आणि एक जुना ताट एवढे पुरते. ताट कशाला? निघालेले नट, वायसर, बुशी ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने त्यात मांडायचे. डावीकडची बुश उजवीकडे गेली तर चाक सरळ बसत नाही. आधी ब्रेक रॉडचा नट काढा, मग प्लेटला धरणारा टॉर्क रॉड, त्याची स्प्लिट पिन, मग एक्सलचा नट. एक्सल बाहेर ओढला की चाक मोकळे होते आणि प्लेट शूसकट हातात येते.

थांबा, आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका. हवेचा पाइपही लावू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसा, फडके टाकून द्या.

दोन्ही शू पुस्तकासारखे दुमडले की स्प्रिंगसकट निघतात. आता कॅमवरचा बाहेरचा लिव्हर काढायचा आहे. त्याआधी लिव्हर आणि दांडी या दोन्हींवर समोरासमोर एक खूण करा, नाहीतर बसवताना एखादा दाता पुढे-मागे होतो आणि पुन्हा तेच दुखणे. कॅम हलत नसेल तर हातोडी उचलू नका. प्लेट ॲल्युमिनियमची आहे, तडकली की नवीच घ्यावी लागते. गंज सोडवणारे तेल किंवा साधे डिझेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी लिव्हर परत लावून थोडे इकडे, थोडे तिकडे असे हळूहळू खेळवा. सुटतोच. उपसून निघाला की बारीक पॉलिश पेपरने दांडी आणि भोक दोन्ही साफ करा.

ग्रीस किती? दांडीवर नुसता हात फिरवल्यासारखा थर, कॅमच्या तोंडावर आणि खुंटीवर बोटाचा एक ठिपका. उष्णता सोसणारे बेअरिंगचे ग्रीस घ्या. आपल्याकडे ग्रीस म्हटले की मूठभर थापायची सवय आहे. बैलगाडीच्या आखाला ते चालायचे, इथे नाही. जास्तीचे ग्रीस वितळून लायनरवर जाते. तेलकट झालेला लायनर पेट्रोलने धुऊनही भरवशाचा होत नाही, तो बदला.

शू चकचकीत झाले असतील तर जाड पॉलिश पेपरने खरखरीत करा. झिजले असतील तर नवेच टाका. पुष्कळ गाड्यांत लिव्हरजवळ एक बाण असतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो प्लेटवरच्या खुणेला आला की लायनर संपले. संपलेल्या लायनरवर कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि आडवा होऊन तिथेच अडकू शकतो. चालत्या गाडीचे चाक असे अडकले तर माणूस रस्त्यावर.

बसवताना सारे उलट क्रमाने. एक्सलचा नट शेवटचा आवळताना पॅडल दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. स्प्लिट पिन नवी घाला, दोन-चार रुपयांसाठी जुनी वाकवत बसू नका. पॅडलला २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराइतका खेळ ठेवा. पाय पॅडलवर ठेवून चालवायची खोडही सोडा. तिने चांगला ब्रेकही तापतो.

२०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक आला आहे. मागचे पॅडल दाबले की पुढचाही थोडा लागतो. तिथे पुढची केबल आणि जोडाचा भागही मोकळा हवा. केबलमध्ये वरून तेलाचे थेंब सोडा. तार उसवलेली दिसली तर केबल बदला.

डिस्क ब्रेकचे मात्र वेगळे आहे. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना रबराला चालणारे खास ग्रीस लावणे घरी जमते. साधे ग्रीस किंवा डिझेल लागले तर आतले रबर फुगते. पिस्टनच अडकला असेल तर ते काम जाणत्या मिस्त्रीकडे द्या. हवेच्या दाबाने पिस्टन उडवायला जाऊ नका, तो गोळीसारखा बाहेर येतो आणि बोटे चिरडतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्या, कारण ते हवेतला ओलावा ओढते आणि त्याच ओलाव्याने आत गंज चढतो.

काम झाल्यावर लगेच बाजाराला निघू नका. आधी खळ्यात, अंगणात सावकाश फिरवा, चार वेळा ब्रेक मारून पाहा. मग दहा किलोमीटर एकटे जाऊन या आणि ड्रमजवळ हात नेऊन पाहा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर नट पुन्हा थोडा बघा, आणि घरच्यांना मागे बसवायचे एक दिवस पुढे ढकला.