ट्रॅक्टर नवा घ्यावा की जुना? आधी तासांचा हिशेब मांडा



पाडवा किंवा दसरा जवळ आला की गावच्या पारावर एक विषय हमखास निघतो. ट्रॅक्टर घ्यायचा आहे, पण शोरूममधला नवा घ्यावा, की कोणाचा तरी वापरलेला निम्म्या किमतीत पदरात पाडून घ्यावा? एक जण सांगतो, "नव्याला डोकेदुखी नाही." दुसरा म्हणतो, "माझा जुनाच बारा वर्षे चालतोय." दोघांचेही खरे असते. कारण ट्रॅक्टरचा भरवसा नव्या-जुन्यावर कमी आणि आपण त्याच्याकडून वर्षाला किती तास काम घेणार, यावर जास्त अवलंबून असतो.

निम्मी किंमत म्हणजे निम्मा खर्च नव्हे

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, ४० ते ४५ अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर ७ लाख ५० हजारांना पडतो आणि तसाच पाच वर्षे वापरलेला ३ लाख ७५ हजारांना मिळतो. ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे किंवा १० हजार तास धरण्याची आपल्या शास्त्रात रीत आहे. त्यानंतर मोडीला मूळ किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ७५ हजार येतील असे धरू.

नव्याची दरवर्षीची घट ६७ हजार ५०० रुपये. गुंतलेल्या सरासरी रकमेवर दहा टक्के व्याज धरले तर ४१ हजार २५०. एकूण १ लाख ८ हजार ७५० रुपये. जुन्याची उरलेल्या पाच वर्षांतली घट वर्षाला ६० हजार आणि व्याज २२ हजार ५००. एकूण ८२ हजार ५०० रुपये.

आता बघा, किंमत निम्मी असूनही वर्षाची बचत आहे फक्त २६ हजार २५० रुपयांची, म्हणजे जेमतेम चौथाई. ही बचत खिशात घालायची नाही. ती जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची पेटी समजा. नव्यापेक्षा जास्तीची दुरुस्ती वर्षाला एवढ्यात भागली तर जुना परवडला. त्यावर गेली तर स्वस्तातला ट्रॅक्टर महागात पडला.

तुमचे तास किती?

घरची दहा-बारा एकर शेती, नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी आणि थोडीफार वाहतूक एवढेच काम असेल आणि वर्षाला २५० तास भरत असतील, तर वरच्या हिशेबाने नवा तासाला ४३५ रुपयांना पडतो आणि जुना ३३० रुपयांना. डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती याशिवाय वेगळी. अशा शेतकऱ्याला तपासून घेतलेला जुना ट्रॅक्टर चालतो. कामे थोडी असल्याने उन्हाळ्यातच दुरुस्ती उरकून घेता येते.

पण गावात भाड्याने नांगरट, मळणी, ऊस वाहतूक करून वर्षाला ८०० ते १००० तास ट्रॅक्टर पळवायचा असेल, तर गोष्ट निराळी. हजार तासांवर हीच बचत तासाला २६ रुपयांवर येते. मृगाचा पाऊस पडून वापसा आला आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टर गॅरेजला उभा राहिला, तर ती बचत गेलीच, शिवाय ठरलेली गिऱ्हाइकेही दुसऱ्याकडे जातात. अशाने नवाच घ्यावा. मात्र हमीपत्रात वर्षे आणि तास असे दोन्ही लिहिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल तिथे हमी संपते. सर्व्हिसिंग वेळेवर न केल्यासही हमी नाकारली जाऊ शकते, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा.

आणि २५० तासही भरत नसतील तर? मग शेजारच्या ट्रॅक्टरचे भाडे किंवा अवजारे बँकेचा दर विचारा आणि वरच्या आकड्याशी ताडून पाहा. गोठ्यापुढे उभा असलेला ट्रॅक्टर शोभेचा असतो, पण त्याचा हप्ता चुकत नाही.

जुना पाहायला जाताना

सकाळी लवकर आणि शक्यतो न कळवता जा. बॉनेटला हात लावून पाहा. इंजिन आधीच गरम असेल तर गार पडेपर्यंत थांबा. गार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हावे. निळा धूर सतत येत असेल तर ऑईल जळते आहे, रिंग-लायनरचे काम जवळ आले आहे. भार नसताना काळा धूर असेल तर एअर क्लीनर, नोझल किंवा डिझेल पंप तपासावा लागेल. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑईलपट्टीवर दुधाळ ऑईल दिसले, तर सौदा तिथेच सोडा.

लिफ्टला जड अवजार लावून उचला, इंजिन बंद करा आणि थोडा वेळ थांबा. अवजार झरझर खाली येत असेल तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. पीटीओ चालवून पाहा. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवले की किंगपिन व बेअरिंगचा खेळ कळतो.

तासांच्या मीटरवर एकट्यावर विसंबू नका. मीटर बंद असतो, बदललेलाही असतो. मीटर १५०० तास दाखवतो, पण क्लचच्या पायट्याचे रबर गुळगुळीत झाले आहे आणि मागच्या हुकाचे भोक लांबट झाले आहे, तर मीटर खोटे बोलतो आहे. ट्रॅक्टर आधी कुठे चालला तेही विचारा. ऊस वाहतुकीचा असेल तर क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स, भात चिखलणीचा असेल तर एक्सलचे सील आणि बेअरिंग आधी पाहा. सोबत आपल्या ओळखीचा मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको.

कागदाचा भरवसा

इंजिन बिघडले तर मिस्त्री आहे, कागद बिघडला तर मिस्त्री नाही. स्टँपवर लिहून घेतले म्हणजे ट्रॅक्टर आपल्या नावावर झाला, हा गैरसमज आहे. आरटीओकडे नमुना २९ व ३० भरून नाव बदलावे लागते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ घेऊन तो आधी उतरवून घ्या. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचे असते आणि विमा नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, ती संपत आली आहे का तेही पाहा.

विकणाऱ्यांनीही ऐकावे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघात झाल्यास आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार. ट्रॅक्टर हातोहात तिसऱ्याकडे गेला तरी नोटीस तुमच्याच दारी येईल.

आणखी एक. ट्रॅक्टर वाळू किंवा मुरमाच्या बेकायदा वाहतुकीत सापडला होता का, याची तहसील कार्यालयात चौकशी करा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड बाकी असेल तर पुढचे सगळे निस्तरणे अवघड जाते. तलाठी आणि ग्रामसेवक बंधूंनी अशा चौकशीला आलेल्या शेतकऱ्याला पाच मिनिटे दिली, तर त्याचे काही लाख वाचतील.

भाव करताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पण त्याआधी घेतलेला ट्रॅक्टर विकणारा जुन्या बिलावर भाव सांगतो. तुम्ही आजचे कोटेशन हातात घेऊन बोला. मागचे टायर, बॅटरी आणि क्लचप्लेट बदलायची असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. अनुदान हवे असेल तर ते नव्यालाच मिळते, आणि महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळण्याआधी बिल केले तर मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

तेव्हा बंधूंनो, सौद्याला निघण्यापूर्वी घरी बसून एका कागदावर आपल्या कामांचे तास मांडा. महिना, काम, एकर आणि तास एवढे चार रकाने पुरेत. खाली जी बेरीज येईल, ती नवा, जुना की भाड्याचा, हे कोणत्याही दलालापेक्षा खरे सांगेल.